रिकाम्या ताटलीतलं कडं

दोष काकांचा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण या घरात आता जो तो वेगळंच काहीतरी पुढे करतो. कुणी म्हणतं नशीब वाईट, कुणी म्हणतं पातं गंजलेलं होतं, कुणी म्हणतं शुगर जुनी होती. पात्यानं त्याचं काम केलं, शुगरनं तिचं. दोष काकांचा, आणि त्यांच्या मागे उभं राहून मान हलवणाऱ्या मोठ्या माणसांचा.

मी काचेची ताटली बोलतेय. तळहाताएवढी, गोल, सपाट बुडाची, वर तशाच काचेचं झाकण. जेवणाच्या ताटल्यांशी माझं नातं नाही. माझ्यात जेली ओततात, ती थिजली की तिच्यावर जंतू पसरतात आणि मला उबेत ठेवतात. नाक मुरडू नका. तुम्ही आता ज्या हातानं हे पान धरलंय त्यावरही जंतू आहेतच, फक्त त्यांना कुणी जेली वाढत नाही.

माझा जन्म भट्टीतला. तिथलं फारसं आठवत नाही. काच गरम असताना तिला काही कळत नसतं, गार झाल्यावर सगळं दिसायला लागतं. डोळे उघडले ते एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, बहिणींच्या चळतीत. तिथंच मी माणसांवर संशय घ्यायला शिकले.

तिथल्या सरांची एक पद्धत होती. प्रयोगाच्या आधीच ते फळ्यावर उत्तर लिहायचे. पोरं प्रयोग करायची, माझ्यात काहीतरी भलतंच उगवायचं आणि पोरं निमूटपणे फळ्यावरचं उत्तर उतरवून घ्यायची. एका पोरीनं उतरवलं नाही. दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, "सर, ताटलीत हे नाही आलेलं."

"यायला हवं होतं ना? मग तेच लिही."

"मग ताटली कशाला उबवली? फळाच उबवायचा."

सगळा वर्ग हसला आणि सरांचे कान लाल झाले. पुढे तिचा आणि त्या सरांचा रोजचाच उभा दावा झाला. शेवटी तिनं कॉलेज सोडलं. त्याच दिवशी धुताना माझ्या कडेचा एक टवका उडाला होता आणि मी टाकायच्या ट्रेमध्ये पडले होते. जाताना तिनं मला उचलून पिशवीत टाकलं. म्हणजे कॉलेज आम्ही दोघींनी एकदमच सोडलं.

तिला घरी सगळे 'शहाणी' म्हणायचे. कौतुकानं नव्हे. तिचे वडील ती लहान असताना गेले आणि काका-काकूंनी तिला वाढवलं. हे वाढवणं तिला रोज ऐकवलं जायचं, कधी जेवताना, कधी दार लावताना. कॉलेज सुटल्याचा काकांना आनंदच झाला. "बरं झालं. तिथं नुसत्या परीक्षा. इथं खरं काम आहे," असं म्हणून त्यांनी तिला घरामागच्या शेडमध्ये नेलं.

शेडमध्ये काका अर्क काढायचे. कुंपणाला एक झुडूप होतं, जाड, लवदार पानांचं. काकांच्या वडिलांची कसलीशी जखम त्या पानांनी भरली होती म्हणे. त्यांना पाहिलेलं आता कुणी नाही, जखम पाहिलेलंही नाही, पण गोष्ट धडधाकट आहे. काका ती पानं लांब दांड्याच्या पात्यानं बारीक तोडायचे, स्पिरिटमध्ये भिजत घालायचे, फडक्यातून गाळायचे आणि जखम धुवायचं औषध म्हणून बाटल्यांत भरायचे. पानं स्पिरिटमध्ये का, तर पानातलं जे काही असतं ते पाण्यात नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरतं. इथपर्यंत काकांचं चूक नव्हतं.

आता माझं काम सांगते. नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

जंतू पसरलेल्या जेलीवर कागदाची एक टिकली ठेवतात, अर्कात बुडवलेली. अर्कात दम असेल तर टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत आणि एक स्वच्छ कडं दिसतं. जेवढं कडं मोठं तेवढी माणसं खूश. पण ती टिकली भिजलेली असते स्पिरिटमध्ये, आणि जंतू स्पिरिटनंही मरतात. मग कडं पानाचं की स्पिरिटचं? हे कळावं म्हणून एक ताटली वेगळी ठेवायची. तिच्यात पान घालायचंच नाही, टिकली नुसत्या स्पिरिटची. शहाणी तिला कंट्रोल प्लेट म्हणायची. ती मी. टवका उडालेली, पाहुण्यांसमोर ठेवता न येणारी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. बाकीच्या, काकांनी नव्या आणलेल्या ताटल्या कडी दाखवून मिरवायच्या. मी संशय घ्यायचा, एवढंच.

पहिल्याच खेपेला शहाणीनं ऊबपेटी उघडली आणि पानांच्या ताटल्या बाहेर काढल्या. प्रत्येकीत छान कडं. काका मागे उभे होते. त्यांनी मांडीवर थाप मारली. "अगं ए, ऐकलंस का! ये इकडे, बघ तुझ्या सासऱ्यांची पुण्याई!"

काकू हात पुसत आल्या, म्हणाल्या, "छान आहे. माझा कुकर मोकळा झाला का?" आम्हाला वाफेवर शुद्ध करायला त्यांचाच कुकर वापरायचे.

मग शहाणीनं मला काढलं. माझ्यातही कडं होतं.

 तिनं पानाची ताटली माझ्यावर ठेवली, दोघींना खिडकीच्या उजेडात धरलं आणि हळूच फिरवलं. दोन कडी एकमेकांवर अशी बसली की एकच दिसायला लागलं.

"काका, कंट्रोलमध्येही तेवढंच आलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे जंतू स्पिरिटनं मेलेत. पानानं काही केलंय असं यात दिसत नाही."

काकांनी मला हातात घेतलं. त्यांच्या बोटांना पानांचा हिरवट वास होता आणि पकड घट्ट. माझ्याकडे त्यांनी जेमतेम पाहिलं. "तुझं बोट लागलं असेल. नाहीतर ही फुटकी आहे म्हणून. फुटक्या भांड्यात काय खरं येणार?"

मोठ्या माणसांची ही खोड मी कॉलेजातही पाहिली होती. उत्तर आवडलं नाही की ते उत्तराला हात लावत नाहीत, भांड्याला नावं ठेवतात.

शहाणीनं पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. मग तिनं सरळ उपाय काढला. टिकल्या अर्कात बुडवायच्या आणि स्पिरिटचा वास पूर्ण जाईपर्यंत उबेत वाळवायच्या. स्पिरिट उडून जाईल, पानातलं जे आहे ते कागदावर राहील. मग ठेवायच्या जेलीवर. सोबत तिनं लवंगेच्या तेलाची एक टिकलीही ठेवली, असंच बघायला.

या वेळी मी स्वच्छ काम केलं. माझ्यातल्या टिकलीला चिकटून जंतू उगवले, कडं नावाला नाही. लवंगेच्या टिकलीभोवती मात्र ठसठशीत कडं आलं. म्हणून सांगते, माझं पानाफुलांशी वैर नाही. काहींत खरंच दम असतो, आणि असला की तो वाळवून जात नाही. काकांच्या पानाभोवती काय आलं? केसाच्या जाडीची एक रेघ. तीही शोधावी लागत होती.

काका भडकले. "वाळवलंस! जिवंत अर्क आहे तो. वाळवलास म्हणजे मारलास. माझे वडील काय पानं भाजून लावत होते?"

"काका, आजोबा स्पिरिट तरी कुठे लावत होते?"

"शहाणपणा पुरे. या शेडमध्ये टिकली ओलीच ठेवायची. आणि ही फुटकी ताटली पुन्हा इथं दिसता कामा नये."

असा कायदा झाला. ओली टिकली, आणि कंट्रोल नाही. माझ्या बहिणी शेडमध्ये कडी दाखवत राहिल्या. मला काकूंनी स्वयंपाकघरात नेलं, नळाशेजारी ठेवलं आणि माझ्यात साबणाची वडी घातली. जिनं जंतूंचा खरा हिशोब दिला तिच्या डोक्यावर साबण. हसायचं असेल तर हसा.

पण स्वयंपाकघरातून मला ते दिसलं जे शेडमधून कधी दिसलं नसतं.

रोज दुपारी काकू पसरट पातेल्यात गाळलेला अर्क घेऊन यायच्या आणि विजेच्या शेगडीवर अगदी मंद तापवत ठेवायच्या. खिडकी सताड उघडी. पातेल्यातून तो ओळखीचा झणझणीत वास निघायचा आणि खिडकीतून गल्लीत जायचा. वास संपला की त्यात उकळून गार केलेलं पाणी घालायचं आणि मग बाटल्या भरायच्या. मला आधी वाटलं माझाच संशयी स्वभाव. मग एक दिवस शहाणी पाणी प्यायला आली आणि पातेल्यापाशी थबकली.

"काकू, हे काय करताय?"

"स्पिरिट उडवतेय. जखमेवर आग होते म्हणून लोक तक्रार करतात. तुझ्या काकांनीच सांगितलंय."

"कधीपासून?"

"तू कॉलेजात होतीस तेव्हापासून. का गं?"

शहाणीनं पेला तसाच खाली ठेवला. मला कळलं ते तिलाही कळलं. जंतूंना जे मारत होतं तेच या पातेल्यातून उडून जात होतं. शेडमध्ये तपासायचं एक, बाटलीत भरायचं दुसरं. ताटलीत स्पिरिट कडं काढणार आणि जखमेवर नुसतं हिरवं पाणी पडणार.

"काकू, तुम्ही काकांना सांगा. माझं ते ऐकत नाहीत."

काकूंनी पातेलं ढवळलं. "मी काय सांगणार? मला त्यातलं काय कळतंय?"

काकूंना सगळं कळत होतं. वासावरून दूध नासलंय की नाही हे सांगणारी बाई ती. पण या घरात काकांना न कळणारी गोष्ट दुसऱ्या कुणाला कळणं सोयीचं नव्हतं.

त्याच आठवड्यात औषधाच्या दुकानाचा मालक माल बघायला आला. काकांचा शाळेपासूनचा मित्र. शेडमध्ये कडी पाहून तो स्वयंपाकघरात चहाला बसला. शहाणी दारात उभी राहिली आणि त्याच्यासमोरच म्हणाली, "काका, यांना बाटलीतलं औषध तपासून दाखवू या का? ताटलीतलं तर झालं बघून."

 मग दुकानदार हसला. "पोरगी तापट आहे रे. लग्न लावून टाक."

"कॉलेजनं हाकलली ना, त्याचा राग इथे काढते," काका म्हणाले.

"हाकललं नाही. मी सोडलं. आणि का सोडलं ते तुम्हाला पक्कं माहीत आहे."

"आत जा."

दुकानदारानं बिस्किट चहात बुडवलं. त्याला प्रश्न कळला होता. त्याच्या डोळ्यांत मला तो स्पष्ट दिसला, एखादी माशी दिसावी तसा. त्यानं तो हातानं झटकला आणि बाटल्यांची खोकी गाडीत चढवली.

आणि मग ते पातं निसटलं. पानं तोडता तोडता काकांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ बसलं. जखम फार मोठी नव्हती, पण काकांना शुगर, आणि पायाला मुंग्या येऊन येऊन तिथली जाणीव कधीच कमी झालेली. लंगडत ते नळापाशी आले आणि माझ्या शेजारीच पाय धुतला.

शहाणी धावत आली. "काका, चला. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे."

काकांनी मान वर केली. चेहऱ्यावर वेदना नव्हती, उलट लॉटरी लागल्यासारखं काहीतरी होतं. "कशाला? तुला बाटलीतलं तपासून बघायचं होतं ना? बघ आता. माझ्याच पायावर दाखवतो."

"पाय म्हणजे ताटली नाही, काका! बिघडली तर दुसरी घेता येत नाही."

"मीच डॉक्टरच्या दारात उभा राहिलो तर माझी बाटली कोण हातात धरेल? सांग ना!"

इथे मला त्यांची लबाडी शोधायची होती. मी खूप शोधली, सापडली नाही. त्यांना खरंच वाटत होतं. लबाड माणूस परवडला, तो स्वतःच्या पायावर तरी खरं औषध घालतो. रोज ते बाटली उघडायचे, पायावर ओतायचे आणि म्हणायचे, "बघ, आग सुद्धा होत नाही." आग व्हायला त्यात काही उरलंच नव्हतं, आणि पायात कळायलाही.

आधी अंगठा सुजला. मग काळसर झाला. मग वास सुटला. काकू उदबत्तीसारखं काहीतरी शोधत फिरायच्या आणि खिडक्या उघडायच्या. काकांना ताप यायला लागला. दुकानदार भेटायला आला, दारातूनच म्हणाला, "विश्रांती घे," आणि रुमाल नाकाला लावून गेला. बाटलीचं नावही काढलं नाही त्यानं.

एका सकाळी शहाणी आली, माझ्यातली साबणाची वडी तिनं कट्ट्यावर ठेवली आणि मला घासायला लागली. किती वेळा घासलं असेल! साबणाचा कण जरी राहिला असता तरी काकांना आयतं निमित्त मिळालं असतं. मग कुकर, मग जेली. काका झोपेत असताना तिनं त्यांच्या जखमेवर कापूस फिरवला आणि तोच माझ्यातल्या जेलीवरून फिरवला. तीन टिकल्या ठेवल्या. एक बाटलीतल्या औषधाची. एक नुसत्या स्पिरिटची, वाळवलेली. तिसरी दवाखान्याच्या लॅबमधून मागून आणलेली, जंतूंवरच्या नेहमीच्या गोळीतल्या औषधाची.

दुसऱ्या दिवशी तिनं झाकण उघडलं. बाटलीच्या टिकलीवर जंतू चढले होते. भोवती नाही, अंगावर. वाळलेल्या स्पिरिटपाशीही गर्दी. आणि तिसऱ्या टिकलीभोवती एवढं मोठं स्वच्छ कडं, की माझ्या टवक्यापर्यंत पोचलेलं. म्हणजे त्या पायावर औषध होतं. गल्लीच्या टोकाला, दवाखान्यात, सगळा वेळ होतं.

ती मला घेऊन काकांच्या खाटेपाशी गेली. "काका, हे तुमच्या पायातले जंतू. ही तुमची बाटली. हे साधं औषध. मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा."

काकांनी मला दोन्ही हातांत घेतलं. हात कढत होते. पहिल्यांदाच त्यांनी मला नीट पाहिलं, खूप वेळ पाहिलं. माझ्या काचेवर त्यांचा श्वास धुकं धरत होता. मला वाटलं, आता म्हणतील.

ते म्हणाले, "ही तीच फुटकी ना?"

"हो."

"मग."

एवढंच बोलून त्यांनी मला अंगावरच्या चादरीवर ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

 तेव्हा दारातून काकू आत आल्या. त्यांनी कपाटातून काकांचा शर्ट काढला आणि खाटेवर टाकला. "उठा. पाय तुमचा असेल, पण त्याचा वास मी घेतेय. शहाणे, गाडी बोलाव."

"तुला काय कळतंय त्यातलं?" काका म्हणाले.

"सगळं कळतंय. स्पिरिट उडवायला लागल्यापासून कळतंय."

हे वाक्य त्यांनी पातेलं ढवळताना म्हणायचं होतं. त्या दुपारी म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी काकूंना माफ करत नाही. त्या चांगल्या आहेत, तरी करत नाही.

दवाखान्यात मी शहाणीच्या पिशवीत होते. डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात धरलं. त्या मला फुटकी म्हणाल्या नाहीत. तिसऱ्या टिकलीवर बोट ठेवून म्हणाल्या, "सुरुवातीला आणलं असतं तर याच औषधावर भागलं असतं. आता ते रक्तातून तिथवर पोचायला खाली रक्तच जात नाहीये. वरचं वाचवायचं असेल तर थांबता येणार नाही."

काकांनी विचारलं, "अंगठाच ना?"

बाईंनी उत्तर द्यायच्या आधी शहाणीकडे पाहिलं.

आता मी काकांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर असते. काकू माझ्यात त्यांच्या गोळ्या काढून ठेवतात. काका चाचपडत हात घालतात आणि माझ्याकडे न बघता गोळी उचलतात. भेटायला येणाऱ्यांना ते सांगतात की पातं गंजलेलं होतं. येणारे मान हलवतात. दुकानदारही येतो, तो सगळ्यात जास्त हलवतो. त्याच्या दुकानात उरलेल्या बाटल्या आहेत की त्यानं फेकल्या हे त्याला कुणी विचारत नाही. शहाणीनं एकदा विचारलं, तर तिला म्हणाले, ही वेळ आहे का.

शेडला कुलूप आहे. कुंपणाचं झुडूप हिरवंगार आहे. त्याच्यावर माझा राग नाही, त्यानं कुणाला काही वचन दिलं नव्हतं.

तुमच्याकडे कुणी वडीलधारा माणूस ताटली घेऊन आला, त्यातलं कडं दाखवून पानांचे गुण सांगायला लागला, तर त्याचं वय बघू नका, त्याच्या वडिलांची गोष्ट ऐकू नका. विचारा, पान न घातलेली ताटली कुठे आहे? ती आणून दाखवेपर्यंत बाटलीला हात लावू नका. तो चिडला तर आणखी संशय घ्या.

काकांचा उजवा पाय गुडघ्याखाली चार बोटं सोडून कापला.